पाण्याच्या दिवशी केलेला फोन

आबा,

तुमच्या लेकावर, धाकट्यावर, पोलिसांनी काठी चालवली. जिथं तुम्ही तीस वर्षं खाकी घातलीत त्याच शहरात, तुम्ही हप्ते फेडून घेतलेल्या सिडकोतल्या घरात, आईच्या डोळ्यांदेखत. याला तीन वर्षं झाली आणि मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. पितरांच्या पंधरवड्यात तुमचं ताट वाढते तेव्हा मनातल्या मनात घराची सगळी खबर देते. आईची साखर वाढली, शहराचं नाव बदललं, नळ मात्र होता तसाच आहे, आठ दिवसांनी येतो आणि आला की सगळ्या गल्लीला नाचवतो. ही एक गोष्ट मात्र दर वेळी गाळते. आज पितरं नाहीत, साधा रविवार आहे. आई दुपारची आडवी झालीय, आणि धाकटा चार दिवस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. म्हणून कागद घेऊन बसले.

तुम्ही ड्यूटीवरच छातीत कळ येऊन गेलात तेव्हा तो आयटीआयला होता. पुढं फिटर झाला, वाळूजच्या कंपनीत लागला, बजाजनगरात खोली करून राहायला लागला, शनिवारी घरी यायचा. सात वर्षांनी असाच एका शनिवारी आला तो परत गेलाच नाही. म्हणाला, कंपनीतली माणसं माझ्या डब्यात काहीतरी घालतात. आम्हाला आधी खरंच वाटलं हो. आई तर पदर खोचून वाळूजला भांडायला निघाली होती. मग त्यानं आईच्या हातचंही खायचं सोडलं, तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टरांनी आजाराचं एक नाव सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला नावाशी काय करायचंय. गोळ्या चालू असल्या की तो आपला तोच असतो. गल्लीतले मिक्सर, मोटारी, कुलरचे पंप दुरुस्त करायचा, आईला चिडवायचा, मला 'बाईसाहेब' म्हणायचा. फक्त गोळी माझ्याच हातची घ्यायचा. मी पाकीट फोडायची, गोळी तळहातावर धरून त्याला दाखवायची, मग तो उचलायचा. फर्दापूरच्या मावशीच्या नातीच्या लग्नाला मी सकाळी गेले आणि अक्षता पडल्या पडल्या संध्याकाळच्या गोळीसाठी माघारी आले. मावशी लई रागावली. तुम्हाला माहीतच आहे, मी सासरहून कायमची परत आले तेव्हा रिक्षा घेऊन तुम्हीच न्यायला आला होतात आणि वाटेत एक शब्द विचारला नाहीत. तेव्हापासून मी या घरचीच आहे. जमतं मला. चिकलठाण्याला पॅकिंगची नोकरी करते, त्याला बघते, आईला बघते.

पुढचं सांगण्याआधी मला एक विचारायचंय. शहागंजच्या मागच्या गल्लीतला तो शिंपी आठवतो का तुम्हाला? मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी मला शाळेचे बूट मिळायचे होते. मी दहा वर्षांची, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसलेली. ड्यूटी सुटल्या सुटल्या तुम्ही ड्रेसवरच मला घेऊन गुलमंडीला निघालात. वाटेत दोन-तीन माणसं धावत आली. जमादारसाहेब चला, आमच्या गल्लीत एक जण बिघडलाय, दार लावून बसलाय, हातात कैची आहे. मला वाटलं, आता बघाच आमच्या आबांना! तुम्ही सायकल लावलीत, टोपी काढून माझ्या डोक्यावर घातलीत, पट्टा सोडून माझ्या गळ्यात अडकवलात, दंडुका कॅरिअरला होता तो तसाच राहू दिलात आणि त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसलात. तेही दाराकडं पाठ करून. आतून तो ओरडत होता, "अंदर नक्को आओ! सब मिले हुए हैं तुम लोगां!" तुम्ही गल्लीकडंच तोंड करून म्हणालात, "अंदर नै आता भाई. इधरीच बैठतौं. धूप अच्छी है." आणि बसलात की खुशाल! शेंगावाला चालला होता, त्याला थांबवून शेंगा घेतल्यात, फोडून खाल्ल्यात, अर्ध्या मागं न बघता दाराच्या फटीतून आत सरकवल्यात. मी उन्हात उभी राहून कंटाळले, टोपी डोळ्यांवर येत होती. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "ये खिशे का बटन लटक रहा मेरा. साहेब देखे तो झापेंगे. टांक देते क्या?" मग दार उघडलं. तो बाहेर येऊन तुमच्यासमोर उकिडवा बसला. सुईत दोरा ओवायला दोन हात लागतात, म्हणून त्यानं कैची खाली ठेवली. तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गुंडी लावून झाल्यावर त्यानं दातानं दोरा तोडला आणि तुमच्या खिशावर हात ठेवून रडायला लागला. तुम्ही रिक्षात बसवून त्याला दवाखान्यात पोचवलंत, मी टोपी-पट्ट्यासकट शेजारी बसलेली. बुटांचं दुकान तोवर बंद झालं होतं.

सायकल घेऊन घरी येताना मी विचारलं, "आबा, येडा होता ना तो?" तुम्ही करकचून ब्रेक लावलात आणि मला दांडीवरून खाली उतरवलंत. "ताप आलेल्या माणसाला काय म्हणतीस तू?" मी म्हटलं, "आजारी." "मग?" एवढंच बोललात. राहिलेली सगळी वाट मला चालवलीत आणि स्वतःही सायकल हातात धरून माझ्या शेजारनं चाललात. रात्री जेवताना मात्र आईला हसत हसत सांगत होतात. "ठाण्यात फोन आला की घरात भांडण लागलंय, माणूस बिघडलाय, तर कुणी बूड हलवत नाही. पण कुणी नुसतं म्हणू दे, हातात हत्यार हाय, की जीप सुटलीच! लोकांनाबी ठाऊक झालंय आता." आई हसली, मीही हसले. आबा, तुम्ही मला दिवसभर उन्हात उभं करून एक गोष्ट दाखवलीत आणि भाकरी मोडता मोडता दुसरी एक बोलून गेलात. चाळीस वर्षांनी वेळ आली तेव्हा मला दुसरी आठवली.

तीन वर्षांपूर्वी मला डेंग्यू झाला आणि पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. आईच्या हातून त्यानं गोळी घेतली नाही. गोळी बरोबर दिसत नाही म्हणे. मी घरी आले तेव्हा तो रात्रंदिवस जागा होता आणि पाण्याच्या टाकीला कान लावून बसत होता. मी गोळी पुढं केली तर म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हालाबी त्यांनी दवाखान्यात बदललंय." दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. गल्लीत नेहमीची धांदल, पाइपा, बादल्या, आरडाओरडा. पिंपं, टाकी भरून मी ओट्यावर पाइप गुंडाळत होते तेवढ्यात त्यानं आतून कडी घातली. आई आतच होती. बघता बघता दाराखालून पाणी यायला लागलं. त्यानं पिंपं आडवी केली होती, टाकीचा कॉक नट आवळायच्या मोठ्या पान्यानं खोलून टाकला होता, आठ दिवसांचं पाणी गल्लीत वाहत होतं. खिडकीतून बघितलं तर आईला त्यानं पलंगावर बसवलेलं, तिचे पाय वर घेतलेले, पायांखाली उशी. विषारी पाणी तिला लागू नये म्हणून. हे सगळं मला दिसलं आबा, पण त्या घडीला कळलं नाही. माझी नजर त्याच्या हातातल्या पान्यावर खिळलेली. आई म्हणत होती, "मला काय करत नाय तो, तू गप बस," तर मला वाटलं घाबरून बोलतीय.

समोरचे मास्तर धावत आले. तुम्ही गेल्यावर राहायला आले ते, चित्रकलेचे मास्तर होते, धाकट्याशी रोज संध्याकाळी कॅरम खेळायचे. त्यांच्या ओट्यावरून आमचं पाणी वाहत होतं आणि ते धोतर वर धरून मला सांगत होते, "पोरी, पोलीसबिलीस नको. मी खिडकीशी बसतो. माझ्याशी बोलेल तो. दमेल, झोपेल. आपल्याला कुठं जायचंय?" मी काय म्हणावं त्यांना? म्हटलं, "आत माझी आई आहे मास्तर, तुमची नाही." अँब्युलन्सवाल्याला फोन केला, तो म्हणाला, पेशंट ऐकत नसेल तर पोलीस बरोबर पाहिजेत. ठाण्यात फोन केला, भाऊ आजारी आहे, डोक्याचा आजार आहे, जरा माणूस पाठवा. बघतो म्हणाले. अर्ध्या तासानं परत केला. सगळे बंदोबस्ताला गेलेत ताई, घरातलं घरात मिटवा. मी सांगितलं, मी जमादाराची मुलगी आहे. कोण जमादार, म्हणाले. मग तिसऱ्यांदा फोन केला आणि म्हटलं, "त्याच्या हातात हत्यार आहे. आईला मारील." दहा मिनिटांत गाडी दारात.

एक हवालदार आणि दोन तरणी पोरं. हवालदारानं दोनदा आवाज दिला, हातातलं टाक, बाहेर ये. धाकटा आतून काय म्हणाला सांगू? "पाण्यात पाय नका घालू साहेब, भाजतील तुमचे." कुणी ऐकतंय का? लाथेनं कडी तुटली. त्यांना थांबवायला त्यानं हात वर केला आणि हातात पाना होताच. पहिली काठी मनगटावर बसली, दुसरी गुडघ्यामागं. तो पालथा पडला. एकानं पाठीवर गुडघा रोवला, दुसऱ्यानं मान दाबली, तोंड त्याच पाण्यात. तो ओरडला नाही आबा. तोंड घट्ट मिटून पडला होता, ओरडला असता तर पाणी आत गेलं असतं ना! डोळे नुसते फिरत होते. आई पलंगावरून किंचाळली, "अरे सोडा रे मुडद्यांनो, जमादाराचा लेक हाय तो!" तेव्हा हवालदारानं तुमच्या भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, ड्रेसमधल्या, आणि म्हणाला, उठवा. गुडघा निघाला. मला अजून वाटतं, फोटो नसता तर? ज्यांच्या भिंतीवर खाकीतला बाप नाही त्यांनी काय दाखवायचं?

त्या लोकांना शिव्या घालाव्यात तर तेही पूर्ण जमत नाही. दवाखान्यात हवालदार माझ्याशेजारी बाकावर बसला. म्हणाला, "आजारी हाय हे आधी का नाय सांगितलं ताई?" मी म्हटलं, सांगितलं होतं, दोनदा. मग म्हणाला, "आमच्यापर्यंत निरोप आला तो हत्याराचा. हत्यार म्हटल्यावर आम्ही हत्यार धरायलाच येतो. माणूस कोण, काय, हे बघायला उसंत कुठंय? हे पोरगं आदल्या सकाळपासून उभं हाय." ज्या पोरानं गुडघा रोवला होता ते पलीकडं भिंतीला टेकून उभं होतं, बुटांतून पाणी गळत होतं. त्यानं आईला चहा आणून दिला, आईनं घेतला नाही. मग बराच वेळ कप हातात धरून तसंच उभं राहिलं. त्याला कुणी कधी शिकवलं असेल का, पट्टा काढून ठेवायचा, पाठ करून बसायचं? आणि तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं? मी कधी विचारलंच नाही.

मनगटाचं हाड वाकडं जुळलं. उजव्या हातात पकड राहिली नाही, नट आवळता येत नाही. फिटरचा हात गेला म्हणजे काय गेलं ते तुम्हाला मी सांगायला नको. इंजेक्शनं चालू झाल्यावर चार-सहा दिवसांनी तो भानावर आला आणि पहिला प्रश्न, "पोलीस कुणी बोलावले?" मी जवळ बसलेले, गोळी तळहातावर. पायथ्याशी मास्तर उभे, डबा घेऊन आलेले. मी नुसती गोळी पुढं केली. धाकट्यानं मास्तरांकडं बघितलं. "तुम्ही? ओट्यावरून पाणी गेलं म्हणून?" मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हो बाबा. चुकलं माझं." बाहेर व्हरांड्यात मी त्यांचे पाय धरायला गेले तर हात झटकला. "रडू नको. तुझ्या हातची गोळी बंद झाली तर पोरगं हातचं जाईल. माझ्याशी कॅरम बंद झाला तर कुणाचं काय अडतंय?" अन् मी ते घेतलं, आबा! निर्लज्जासारखं घेतलं. तीन वर्षं मास्तर समोर दिसले की हा तोंड फिरवायचा, ते ओट्यावर बसले की खिडकी आपटून लावायचा. मास्तरीणबाई गेल्या तेव्हाही गेला नाही. मास्तर मला बघून नुसते मान हलवायचे, असू दे म्हणून. मीही असू दिलं.

मागच्या आठवड्यात कळलं, मास्तर गुरुवारी पुण्याला मुलाकडं कायमचे चाललेत. बुधवारी सकाळी मी पाकीट फोडलं, गोळी तळहातावर धरली आणि म्हटलं, "फोन मी केला होता. मास्तरांनी नाही. ते नको नको म्हणत होते." याची गोळी सुटली तर पुन्हा तेच, पुन्हा कडी, पुन्हा गाडी, आणि आता आईच्यात त्राण नाही. तो गोळीकडं बघत राहिला.

"हत्यार तू म्हणालीस?"

"व्हय."

"पाना होता ताई."

"व्हय."

तळहातावरची गोळी त्यानं तशीच ठेवली. माझ्या दुसऱ्या हातातलं पाकीट ओढून घेतलं, डाव्या हातात धरून दातानं फोडलं, त्यातली गोळी पाण्याविना गिळली आणि अनवाणी समोर गेला. मी खिडकीतून बघत होते. मास्तरांचं सामान बांधून झालं होतं, कॅरमचा बोर्ड गोणपाटात शिवलेला. मास्तरांनी सुतळी सोडली. दोघं दुपारपर्यंत खेळत बसले. हा डाव्या हातानं, सारखा चुकत होता. गुरुवारी मास्तरांच्या ट्रंका टेम्पोत चढवायला हाच होता. तेव्हापासून पाकीट त्याच्या खिशात असतं. मी धुण्याच्या वेळी चाचपून बघते, गोळ्या घेतोय. आईशी बोलतो. मी वाढलेलं जेवतो, खाली मान घालून. माझ्या समोरून जाताना भिंतीला धरून जातो. बोलेल कधीतरी. नाही बोलला तरी गोळी घेतोय, मी एवढ्यावर समाधान मानते. जे सांगायचं ते सांगून टाकलं, आता त्याच्या मनावर.

पण सगळं सांगितलेलं नाही, आबा. त्या दिवशी मी दारात उभी होते. पहिली काठी बसली, हाडाचा आवाज झाला, आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला दुसरं कुणीतरी धरत होतं. एक क्षणच असेल, मग आई किंचाळली आणि मी हंबरडा फोडला, आणि बायकांनी मला सावरलं, भावासाठी किती जीव तुटतोय बघा म्हणून. मी त्यांना तसंच समजू दिलं.

आई जागी झालीय, चहा मागतीय. घरात कागद कुठंही ठेवला तरी त्याला सापडतो, तेव्हा हा आत्ताच गॅसवर धरते. फोन केल्याचं त्याला सांगितलं. हे नाही सांगवत मला.